नातं निवडा

रांगेत तिच्या मागे उभा असलेला माणूस खोकला. खरा खोकला नव्हता तो. "ऐका ना" म्हणण्याआधी घसा साफ करण्याचा एक प्रकार असतो, त्यातला होता.

"ताई, एक विचारू?"

तिने मागे पाहिलं नाही. तिला ताई म्हणणारं जगात कोणी नव्हतं. आईची ती एकुलती एक, आणि रक्त तपासायच्या ज्या लॅबमध्ये ती कामाला होती तिथे सगळे तिला 'मोजपट्टी' म्हणत. रक्ताचा थेंब असो की चहातली साखर, बाई मोजल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून.

"ताई, ते वॉशिंग मशीन तुम्हीच घेताय ना? ते... माझ्या कार्डावर घेऊ द्याल?"

आता मात्र ती वळली.

विजेच्या वस्तूंचं मोठं दुकान. दारापाशी बादलीत ओल्या छत्र्या निथळत होत्या. त्याच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती, तिच्यातून तांब्याच्या नळीचं वेटोळं डोकावत होतं. त्याचा डावा खांदा चिंब भिजलेला आणि पिशवी ठणठणीत कोरडी. म्हणजे छत्री याने स्वतःवर कमी आणि हत्यारांवर जास्त धरली. ही नोंद मोजपट्टीने मनात करून ठेवली. का, ते तिलाही कळलं नाही.

"तुमच्या कार्डावर घेऊ. मग?"

"मग तुम्ही मला पैसे द्यायचे. मशीन तुमचं, पैसे तुमचे. फक्त कार्ड माझं."

"आणि पॉइंट?"

हे विचारणारं माणूस त्याला आजवर भेटलं नसावं.

"पॉइंट..." तो म्हणाला, "ते पण माझे."

"वा! म्हणजे गाय माझी, चारा माझा, आणि दूध तेवढं तुमचं."

तो हसला. त्याचं हसू जरा उशिरा यायचं, पण आलं की पूर्ण यायचं.

हकिकत अशी होती. त्याने नवं कार्ड घेतलं होतं. तीन महिन्यांत ठरलेला खर्च केला तर वीस हजार पॉइंट बक्षीस. विमानाच्या तिकिटाला चालणारे. आज तिसऱ्या महिन्याचा शेवटचा दिवस, आणि खर्च अजून तीस हजारांनी कमी.

"माझं जुनं मशीन सहा महिने आचके देत होतं," ती म्हणाली. "मी त्याच्या मरणाची वाट बघितली. पॉइंटांसाठी मारलं नाही. आज गेलं, म्हणून आज आले. ते माझ्याच कार्डावर जाणार."

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "मग मी टीव्ही घेतो."

"घरी टीव्ही नाही?"

"आहे ना..." त्याने कानामागे खाजवलं. "दोन आहेत."

"तिसरा कुठे लावणार? न्हाणीघरात?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "उतावळा नवरा—"

पुढचं तिने गिळलं. अनोळखी माणसासमोर, भर रांगेत, नवऱ्याबिवऱ्याच्या गोष्टी!

"गुडघ्याला बाशिंग," त्याने म्हण पुरी करून टाकली. "आमची आत्या दिवसातून दोनदा म्हणते मला. जेवणाआधी आणि जेवणानंतर."

काउंटरवरचा माणूस आता दोघांकडे बघत होता. मोजपट्टीने विषय बदलला.

"धंदा काय तुमचा?"

"फ्रीजवाला. दुरुस्ती करतो."

"पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकांसाठी काय आणावं लागणार आहे?"

"दोन कॉम्प्रेसर. ऑर्डर पक्की आहे, आगाऊ पैसेही आलेत."

"मग ते आज घ्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मागच्या भिंतीशी असलेल्या सुट्या भागांच्या कपाटाकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"पेटली ट्यूब?" तिने विचारलं.

"पेटली. पण तीन महिने वायरिंग शोधत होतो."

जाताना त्याने तिला आपलं छापील कार्ड दिलं. कोपऱ्यात बर्फाच्या कणाचं चित्र होतं. "उपकार झाले, ताई."

"ताई नका म्हणू. सवय नाही मला."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणायची वेळच येणार नाही," ती म्हणाली.

असं ठामपणे बोलू नये माणसाने. वरचा ऐकत असतो, आणि त्याला थट्टेची भारी हौस.

*

अकराव्या दिवशी लॅबचा मोठा फ्रीज बंद पडला.

फ्रीजमध्ये तपासणीची रसायनं होती. दोन ते आठ अंश, यापलीकडे काटा गेला की सगळं कचऱ्यात. काटा नऊवर होता आणि लॅबच्या डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. नेहमीचा मेकॅनिक फोन उचलेना. तेव्हा मोजपट्टीने पर्समधून बर्फाच्या कणाचं कार्ड काढलं. फेकायचं राहून गेलं होतं ते, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

तो वीस मिनिटांत आला. तिला पाहून थबकला, पण क्षणभरच. आधी फ्रीजकडे गेला. तिला ते आवडलं. त्याने फ्रीजच्या पाठीवर तळहात ठेवला, मग कान लावला. डॉक्टर छातीला लावतात तसा.

"मागच्या वेळी कुणीतरी गॅस जास्त भरलाय," तो म्हणाला.

"जास्त भरला तर जास्त थंड व्हायला हवं ना?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. असतं उलटं. गॅस जास्त झाला की कॉम्प्रेसरवर ताण येतो, थंडावा कमी होतो, आणि एक दिवस कॉम्प्रेसरच जळतो. मोजून भरायचा असतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमच्याकडे कार्डं किती आहेत हो?"

"पाच."

"किती वर्षांत?"

"सात... महिन्यांत."

तिने नुसतं मीटरकडे बोट दाखवलं. त्याने हातातल्या मीटरकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं, आणि मान हलवली. "हां," तो म्हणाला. "समजलं."

फ्रीज पुन्हा गार व्हायला तासभर लागला. तेवढ्या वेळात तो तिचं काम बघत बसला. समोर माणूस बसायचा, ती नाव विचारायची, सुई, रक्त, आणि मग ट्यूबवर लेबल. दर वेळी याच क्रमाने.

"सगळ्या ट्यूबांना सकाळीच लेबलं लावून ठेवली तर?" त्याने विचारलं. "पटकन होईल."

"रिकाम्या ट्यूबला लेबल लावायचं नाही. माणूस समोर हवा, रक्त आत हवं, मग नाव. आधी नाव लावून ठेवलं तर कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जाईल, सांगता येत नाही."

"आणि चुकून गेलंच तर?"

"फेकायचं. रक्त कितीही चांगलं असलं तरी. पुन्हा सुई."

"बाप रे! क्षमा नाही?"

"क्षमा आहे," ती म्हणाली. "पण ट्यूब कचऱ्यातच."

*

मग बारा तारखेची बैठक सुरू झाली. मोजपट्टी बिल भरायची ती दर महिन्याच्या बारा तारखेला. मुदत सतराची, पण पाच दिवस हातचे राखून. पूर्ण बिल, शेवटच्या पैशापर्यंत. लॅबच्या मागे, सायकली लावायच्या जागेजवळ एक लाकडी बाक होता. दुपारच्या सुट्टीत ती तिथे बसून फोनवर बिल भरायची, आणि आता दुसऱ्या टोकाला तोही बसून भरायचा. मध्ये कागदी पेल्यातली दोन कॉफी. बघणाऱ्याला वाटावं, दोघं आपापल्या घरी निरोप पाठवताहेत.

पहिल्या बैठकीत तिने त्याची पाचही कार्डं बाकावर मांडायला लावली.

"हे का घेतलं?"

"बक्षीस होतं."

"हे?"

"याला पण होतं."

"याचं बिल भरायला चार दिवस उशीर झाला होता ना? व्याज किती लागलं? आणि पॉइंट किती मिळाले होते?"

त्याने मनात हिशेब केला. मनातला हिशेब त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत असे. त्यामुळे तो पत्ते खेळत नसे.

"बँक आवळा देते ती कोहळा काढायलाच," ती म्हणाली. "थेंबे थेंबे तळे साचे, हे सगळ्यांना पाठ असतं हो. पण तळ्याला भोक पडू द्यायचं नाही, हे कोणी पाठ करत नाही. जे घ्यायचंच आहे तेवढंच घ्यायचं, आणि बिल पुरं फेडायचं. बाकी कार्ड आपोआप करतं."

"आणि नवं कार्ड?"

"पहिल्याची सवय अंगवळणी पडली की मग. वर्षाने. तेही लागलं तर."

त्याने तीन कार्डं बंद केली. दोन ठेवली. पुढच्या महिन्यात टीव्हीही एकच ठेवला. दुसरा आत्याच्या खोलीत गेला.

त्या बाकावर बोलणं पॉइंटांवरून सुरू व्हायचं आणि भलतीकडे जाऊन बसायचं.

"तुम्ही माणसंसुद्धा अशीच निवडता?" एकदा त्याने विचारलं. पावसाची भुरभुर होती. छत्री त्याने मधोमध धरली होती, आणि या खेपेला दोन्ही खांदे त्याचेच भिजत होते. "सहा-सहा महिने बघून?"

"माणसं मी निवडलीच नाहीत अजून. एकही."

"मग यादी तरी आहे?"

"यादी नसते. एक नमुना येतो, एक तपासायचा."

"मग माझा रिपोर्ट..."

"तपासणी चालू आहे."

"कधी मिळेल?"

"घाई असेल तर दुसरी लॅब बघा," ती म्हणाली, आणि कॉफीच्या पेल्यात बघत राहिली. पेला केव्हाच रिकामा झाला होता.

*

सहा वर्षं ती पॉइंट जमवत होती ते एका कामासाठी. आईची थोरली बहीण, म्हणजे मावशी, समुद्रापलीकडे लेकाकडे राहायला गेली होती त्याला एकोणीस वर्षं झाली. बहिणी रोज फोनवर बोलत. पण गेल्या वर्षापासून मावशीचं बोलणं घसरू लागलं होतं. मधेच ती आईला शेजारीण समजायची. एकदा म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीचा फोन येणार आहे, नंतर बोलू." आणि फोन ठेवला. आईने तो निरोप हसत हसत सांगितला होता, आणि मग भांडी घासायला गेली होती. भांडी तिने आधीच घासून ठेवलेली होती.

मावशी पुरती विसरायच्या आत दोघी बहिणींची भेट व्हायला हवी होती. एका माणसाचं जाण्या-येण्याचं तिकीट साठ हजार पॉइंटांना. आई आणि ती, दोघींचं एक लाख वीस हजार. तिच्याकडे जमले होते एक लाख चार हजार. महिन्याला दीडेक हजाराच्या चालीने अजून अकरा महिने.

आणि अशात विमान कंपनीचं पत्र आलं. पुढल्या महिन्याच्या अखेरीपासून साठ हजारांचं तिकीट पंचाहत्तर हजारांना.

त्या दिवशी बाकावर बसून मोजपट्टी फोनमध्ये एक सोफा बघत होती. "आमचा सोफा तसा जुनाच झालाय," ती म्हणाली.

"काय झालंय त्याला?"

"काही... झालं नाहीये."

"मग तिसरा टीव्हीच की तो," तो हळूच म्हणाला.

तिने फोन पालथा ठेवला. तिच्याच औषधाची मात्रा तिला देणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. मग तिने त्याला सगळं सांगितलं. मावशी, शेजारीण, घासलेली भांडी. तो ऐकत राहिला. फ्रीजला कान लावावा तसा.

दोन दिवसांनी, लॅबमध्ये गर्दी असताना तिचा फोन वाजला. विमान कंपनीचा निरोप होता. 'आपल्या भावाने आपणास कुटुंब खात्यात बहीण म्हणून समाविष्ट केले आहे. आता दोघांचे पॉइंट एकत्र वापरता येतील. स्वीकारा. नाकारा.'

तिने तो तीनदा वाचला. मग समोरच्या माणसाचं रक्त घेतलं, लेबल लावलं, आणि सुट्टी झाल्याबरोबर बाकाकडे निघाली.

तो बाकावर वाट बघत होता. लहान पोराने स्वतःहून पाढे पाठ करून यावं, तसा चेहरा.

"आला ना निरोप? माझे चाळीस हजार पडून आहेत. एकाचे दुसऱ्याला द्यायचे तर कंपनी भरमसाट पैसे घेते, पण कुटुंब खात्यात फुकट! तुम्हा दोघींचं तिकीट आजच—"

"बहीण?" ती म्हणाली.

"अं?"

"मी तुमची बहीण आहे?"

"नाही हो... ते यादी होती. 'नातं निवडा' म्हणून. आई, वडील, भाऊ-बहीण, मुलं आणि..." तो अडखळला. "आणि पती-पत्नी. बस्स. 'इतर' असं काही नव्हतंच. मी शोधलं."

"आणि त्यातून तुम्ही बहीण निवडलीत."

"मग दुसरं... तुम्हाला न विचारता कसं निवडणार?"

"आणि बहीण विचारून निवडलीत?"

सायकलींच्या रांगेतली एक सायकल वाऱ्याने कलली आणि घंटी किणकिणली.

"चुकीच्या लेबलाचं आम्ही काय करतो, माहीत आहे तुम्हाला," ती म्हणाली.

"पण आतलं रक्त चांगलं आहे हो..."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि आवाज थोडा हलला, तो तिने लगेच जागेवर आणला. "खोटं नाव लावून मी आईला विमानात बसवणार नाही. आणि मला..." ती थांबली. रागाची कारणं दोन होती आणि त्यातलं एकच सांगता येण्याजोगं होतं. "आणि मला भाऊ नकोय."

तिने 'नाकारा' दाबलं. लगेच दुसरा निरोप आला. 'नाकारलेली विनंती सहा महिने पुन्हा पाठवता येणार नाही.'

तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने वाचलं, मान हलवली, दोन्ही पेले उचलले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून गेला. तिच्या पेल्यात या खेपेला कॉफी होती.

*

घरी आई नव्या मशीनमधले कपडे घडी करत होती. मोजपट्टीने तिला तिकिटांचं सांगितलं. फ्रीजवाल्याचंही सांगितलं, सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

आईने टॉवेलची घडी घातली. "एकीचं तिकीट निघतंय ना आज?"

"निघतंय. पण तू एकटी कशी—"

"विमानात नुसतं बसायचंच असतं ना? ढकलायचं थोडंच असतं?"

"आई, बदली विमान आहे मध्ये. मोठा विमानतळ, लांबलचक रांगा..."

"तुझे वडील गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तेव्हापासून मी रांगेतच उभी आहे. रेशन, शाळा, दवाखाना. रांगेची भीती मला नको घालूस." आईने दुसरा टॉवेल उचलला. "तिकीट काढ."

मोजपट्टीने तिकीट काढलं. साठ हजार वजा झाले, चव्वेचाळीस उरले. आणि पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बघताना तिला, हिशेबात कधी न चुकणाऱ्या बाईला, एक हिशेब पहिल्यांदाच दिसला. एकीच्या तिकिटाचे साठ हजार तिच्याकडे दोन वर्षांपूर्वीच जमले होते. तेव्हा मावशीला सगळं आठवत होतं. आई तेव्हाच जाऊ शकली असती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

जमेपर्यंत थांबायचं, ते शहाणपण. जमल्यावरही थांबायचं, त्याला काय म्हणायचं? तिच्याकडे शब्द होता, पण तो तिने त्या संध्याकाळी उच्चारला नाही.

दोन वर्षं आईही मोजत होती की नाही, देव जाणे.

*

निघायच्या दिवशी दारात फ्रीजवाल्याची गाडी उभी राहिली. बोलावलं आईने होतं. कधी, कुठून नंबर मिळवला, हे विचारायची सोय नव्हती. मागे दोन उघडे फ्रीज आणि आईची बॅग, पुढे आई, आणि मधल्या तुटक्या सीटवर मोजपट्टी. रस्ताभर आई एकटीच बोलत होती. विमानतळाच्या दारात उतरल्यावर ती म्हणाली,

"फ्रीजवाले, आमच्याकडचा फ्रीज घुरघुरतो. मी नसताना एकदा बघून जा."

"आई, आपला फ्रीज अजिबात घुरघुरत नाही."

"घुरघुरेल," आई म्हणाली, आणि मागे न बघता आत गेली.

परतीच्या वाटेवर तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "चूक झाली माझी. घाई नव्हती ती. म्हणजे होतीच, पण... तुमच्या मावशीसाठी होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "क्षमा केव्हाच केलीय. ट्यूब तेवढी कचऱ्यात."

त्याचं ते उशिरा येणारं हसू आलं. पुढच्या बारा तारखेला बाकावर पुन्हा दोन पेले होते.

आईचा फोन चौथ्या दिवशी आला. पहिले तीन दिवस मावशीने तिला कामवाली समजून घर दाखवलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी आई तिच्यासमोर येऊन बसली, तर मावशी तिच्या डोक्याकडे टक लावून बघायला लागली. मग म्हणाली, "चिंगे, तुझा भांग आजही वाकडाच गं. बस इथे." आणि कंगवा घेऊन तिने तो सरळ केला. तासाभराने पुन्हा विसरली.

"मग?" मोजपट्टीने विचारलं.

"मग काय," आई म्हणाली, "मी रोज सकाळी वाकडा भांग पाडून तिच्यासमोर बसते."

दोन महिने राहून आई परत आली. भांग तिचा त्यानंतरही वाकडाच असे.

*

सहा महिने पुरे झाले तो दिवस बारा तारीख नव्हती. साधा मधलाच दिवस होता. शेवटचा माणूस कापूस दाबून निघून गेला होता. मोजपट्टी हातमोजे काढत होती, तेव्हा तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. हातात हत्यारं नव्हती, नुसता फोन.

"फ्रीज चांगला चाललाय आमचा," ती म्हणाली.

"मी फ्रीजसाठी नाही आलो."

त्याने फोन टेबलावर ठेवला, तिच्याकडे वळवून. पडद्यावर ती यादी उघडी होती. 'नातं निवडा.' आई. वडील. भाऊ-बहीण. मुलं. आणि शेवटचं.

"मागच्या वेळी न विचारता निवडलं," तो म्हणाला. "या वेळी विचारायला आलोय. तुमचे आता त्रेपन्न हजार, माझे अठ्ठेचाळीस. दोघांना मावशींकडे जायला दीड लाख लागतील. महिन्याला दोघांचे मिळून तीन हजार धरले तर..."

"सोळा-सतरा महिने."

"हां. चालेल की. मला... कसलीच घाई नाही आता. तुम्ही विचार करा. सावकाश करा. बारा तारखेला बोलू. नाहीतर पुढच्या बारा तारखेला."

किती नीट शिकला होता तो सगळं! तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. दोन्हींचं माप तिने घेतलं नाही. हाताच्या बोटाने तिने यादी वर सरकवली, खाली सरकवली, शेवटच्या ओळीवर बोट क्षणभर ठेवलं... आणि न दाबता उचललं.

त्याचा चेहरा उतरला. तो चेहरा काही लपवू शकत नसे.

"रिकाम्या ट्यूबला लेबल लावत नाहीत," ती म्हणाली. "नातं आधी व्हायला लागतं. मग यादीत."

"म्हणजे..."

"म्हणजे विवाह नोंदणीच्या ऑफिसात आधी अर्ज द्यावा लागतो. त्याची मुदत महिन्याची असते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"चौकशी केली होती. चार महिन्यांपूर्वी."

तो तिच्याकडे बघत राहिला. ट्यूब पेटायला लागली होती, वायरिंग लांबचं होतं.

"बरं," तो म्हणाला, "मग पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी, तुम्हाला सवड बघून, आपण..."

मोजपट्टीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पर्स उचलली. आतल्या खोलीकडे तोंड करून ती ओरडली, "डॉक्टरीणबाई, मी निघते!" सहा वर्षांत पहिल्यांदा ती वेळेच्या आधी निघत होती. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"ऑफिस पाचला बंद होतं," ती त्याला म्हणाली. "साडेचार झालेत. गाडी कुठे लावलीस?"

"लावली..." तो पुटपुटला. तिने आपल्याला अरे म्हटलं, हे त्याला उंबरठ्याच्या बाहेर गेल्यावर कळलं.

ती पायऱ्या उतरत होती. उतरत कसली, दोन-दोन पायऱ्या टाकत होती. तो मागून धावत आला, आणि तिच्याकडे बघून त्याला काहीतरी आठवलं. त्याने तोंड उघडलं.

"खबरदार," ती वळून म्हणाली. "माझ्या गुडघ्यांकडे बघायचं नाही."